एचएमव्ही १०२ आणि लाखेच्या तबकड्या: दीड वर्ष वाजवून झाल्यावरचा रिव्ह्यू

दीड वर्ष झालं हा चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन माझ्याकडे येऊन, एचएमव्ही १०२, काळा, आणि मुद्दामच इतके दिवस काही लिहिलं नाही, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता तबकड्यांच्या शेकडो बाजू वाजवून झाल्या, साउंडबॉक्स (सुई जिच्यात बसते ती आवाज काढणारी गोल डबी) उघडून परत बसवून झाला, एक आवडती रेकॉर्ड हातची गेली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. ज्यांना १९२० ते १९४० मधलं डान्स बँड म्युझिक आणि जॅझ खरंच ऐकायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, शोकेसमध्ये ठेवायला काहीतरी जुनं दिसणारं हवंय त्यांना यात फारसं काही मिळणार नाही.

आधी मी हे सगळं फोनवर ऐकायचे. स्वच्छ केलेली रेकॉर्डिंग्ज, खरखर काढून टाकलेली, आणि मला प्रामाणिकपणे वाटायचं की जुनं जॅझ म्हणजे असंच पातळ, डब्यात बसून वाजवल्यासारखं, त्याचं महत्त्व इतिहासात असेल पण कानाला मजा नाही. आता कळतंय की खरखर काढताना तिच्यासोबत झांजेची धार, बँजोच्या तारेचा टणत्कार, वादकांच्या भोवतालची हवा, सगळंच थोडं थोडं खरवडून निघालेलं असायचं, निदान माझ्या वाट्याला आलेल्या फाइल्समध्ये तरी.

१०२ वर लावलेली माझी पहिली बाजू रे नोबलच्या बँडची, १९३४ ची, 'द व्हेरी थॉट ऑफ यू', गाणारा अल बोली. झाकण उघडलं, बाजूच्या भोकात चावी घालून फिरवली, हाताला ताण लागायला लागला तिथे थांबले (शेवटच्या टोकापर्यंत आवळत बसायचं नाही, स्प्रिंगचं आयुष्य त्यातच जातं), डबीतली नवी स्टीलची सुई साउंडबॉक्सच्या तोंडात बसवून छोटा स्क्रू पिळला, ब्रेक सोडला, तबकडीने वेग घेतला, आणि सुई काठाशी टेकवली. सुरुवातीचे काही फेरे नुसती खरखर. दादा शेजारीच उभा होता, तो म्हणाला, "अगं, हेच ऐकायचंय का तुला?" आणि तेवढ्यात बँड सुरू झाला आणि तो गप्पच झाला. बोली गायला लागला तेव्हा तर मी दोन पावलं मागे सरले, कारण आवाज यंत्रातून येतोय असं वाटतच नव्हतं, तो खोलीत होता. मोठा होता. वीज नाही, स्पीकर नाही, अँप्लिफायर नाही, आवाज कमीजास्त करायचं बटणसुद्धा नाही, आणि तरी शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू जाईल एवढा.

हे होतं कसं तर फार साधं आहे. खाचेतली वळणं सुईला डावीउजवीकडे हलवतात, सुई साउंडबॉक्समधला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा हलवते, पडदा हवा हलवतो, आणि पेटीच्या पोटात दुमडून बसवलेला कर्णा ती हवा मोठी करत मागच्या बाजूने बाहेर सोडतो, तिथून ती झाकणावर आपटून आपल्याकडे येते. म्हणजे १९३४ साली कुणीतरी स्टुडिओत गायलं, त्याची खाच झाली, आणि आज तीच खाच सुईला ढकलून हवा हलवतेय. मध्ये दुसरं कुणी नाही. यामुळेच असेल, पण या यंत्रावर माणसाचा आवाज, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन, बँजो हे सगळे मधल्या पट्टीतले सूर विलक्षण जिवंत येतात. वरचे अगदी बारीक सूर हे यंत्र देऊच शकत नाही, आणि त्यामुळे खरखरीचा सगळ्यात टोचणारा भागही तिथेच गळतो, हा मला मिळालेला फायदा.

एक गोष्ट लगेच सांगते नाहीतर विसरेन: यंत्राला चिकटून बसू नका. साउंडबॉक्समधून थेट जी किरकिर येते ती जवळच जास्त ऐकू येते, संगीत मात्र कर्ण्यातून येतं ते लांबवर जातं. आठ-दहा फुटांवर बसलात की अर्ध्या मिनिटात कान सरावतो आणि खरखर पाठीमागे जाते, पावसात बसून बोलताना पाऊस जसा मागे जातो तशी.

हे १०२ मॉडेल १९३१ साली आलं आणि थोडेफार बदल होत होत १९५० च्या दशकातही बनत राहिलं, म्हणून आजही चालू स्थितीतले बरेच सापडतात आणि सुटे भागही मिळतात. त्याच्या आधीचं १०१ पण चांगलं आहे पण आवाजाचा भरीवपणा मला १०२ मध्ये जास्त वाटला. काळा सगळ्यात जास्त दिसतो, लाल, निळे, हिरवेही असतात, रंगाने आवाजात फरक पडत नाही तेव्हा रंगाच्या मागे लागून वाईट अवस्थेतला घेऊ नका.

आता डान्स बँड या यंत्राला इतके का शोभतात त्याबद्दल थोडं जास्त बोलायचंय कारण माझ्यासाठी सगळी गंमत तिथेच आहे.

दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटं, बारा इंची असेल तर चार-साडेचार. बस. अरेंजर लोकांना, म्हणजे कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते ठरवणाऱ्यांना, हे माहीत होतं आणि त्यांनी त्या तीन मिनिटांत काय काय कोंबलंय हे ऐकण्यासारखं आहे. बहुतेक बाजूंवर गाणारा लगेच येतच नाही, आधी बँड अख्खं कोरस (गाण्याची मुख्य चाल) वाजवतो, सॅक्सोफोनांची रांग सूर धरते, ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, मधूनमधून टोचते, मग गायकाचं एक कोरस, मग पुन्हा बँड, सूर बदलून, थोडा मोकळा, एखाद्या ट्रम्पेटला आठ बार मोकळे सोडलेले, आणि मग एक नेटकी अखेर. लेबलवर गाण्याच्या नावाखाली 'फॉक्सट्रॉट' किंवा 'वॉल्ट्झ' किंवा 'क्विकस्टेप' असं लिहिलेलं असतं, कारण घेणाऱ्याला आधी हे हवं असायचं की यावर पावलं कुठली टाकायची. आणि त्याखाली बारीक अक्षरात 'विथ व्होकल रिफ्रेन', म्हणजे मध्ये गायलेलं कोरसही आहे. गायकाचं नाव कितीदा तरी नसतंच. ज्या आवाजासाठी आज लोक तबकड्या शोधत फिरतात तो तेव्हा लेबलवर निनावी होता, हे मला अजूनही पचत नाही.

अल बोलीचंच घ्या. जन्म लॉरेन्सो मार्केसचा, म्हणजे आजचं मापुतो, वाढला जोहान्सबर्गला, तिथे न्हाव्याचं काम केलं, बँडमधून फिरत फिरत लंडनला पोचला आणि तिथे शेकडो बाजू गायला. रे नोबलसोबतचं त्याचं काम एचएमव्हीच्या न्यू मेफेअर डान्स ऑर्केस्ट्रा या नावाखाली सुरू झालं, हा बँड रोज कुठल्या हॉटेलात वाजवणारा नव्हता, रेकॉर्डिंगपुरता जमवलेला, लंडनच्या इतर बँडमधले उत्तमोत्तम वादक बोलावून. त्यामुळे त्यात एक नीटसपणा आहे, कुणी घाईत नाही, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. आणि बोली हा मायक्रोफोनच्या काळातला गायक, ओरडावं लागत नाही हे त्याला नेमकं कळलेलं, कानाशी बोलल्यासारखा गातो. ऐन युद्धात, एप्रिल १९४१ मध्ये, लंडनवरच्या हवाई हल्ल्यात तो गेला. ही गोष्ट मला माहीत झाल्यापासून त्याची बाजू संपताना सुई आतल्या कोऱ्या भागात सरकते आणि ब्रेक आपोआप लागतो तो क्षण मला जरा जड जातो.

मायक्रोफोनवरून आठवलं. रेकॉर्ड घेताना हे बघायला शिकाच. १९२५ पासून मोठ्या कंपन्यांनी विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याआधी मायक्रोफोन नव्हता, सगळा बँड एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभा राहायचा आणि त्यांच्याच आवाजाच्या जोरावर समोर मेणावर खाच पडायची. मोठा ढोल वाजवला तर सुईच उसळायची म्हणून ड्रमरला लाकडी ठोकळे आणि झांजांवर भागवावं लागायचं, आणि डबल बासऐवजी ट्युबा, म्हणजे फुंकायचं खर्जाचं पितळी वाद्य. विजेवरची रेकॉर्ड ओळखायची खूण लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत असते, एचएमव्हीवर नंबरामागे छोटा त्रिकोण, व्हिक्टरवर 'व्हीई' ही अक्षरं, कोलंबियावर गोलात 'डब्ल्यू'. तबकडी उजेडात तिरकी धरायची म्हणजे दिसतं. त्याच पट्टीत टेकचा नंबरही (गाणं कितव्यांदा रेकॉर्ड केलं तो) सापडतो आणि जॅझमध्ये त्याला फार किंमत आहे कारण एकाच दिवशी एकाच गाण्याच्या दोन टेकमध्ये सोलो वेगळे असतात.

पण मायक्रोफोनच्या आधीच्या म्हणून टाकून देऊ नका! किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडच्या एप्रिल १९२३ च्या बाजू, इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत केलेल्या. शेजारून रेल्वेचा रूळ जायचा, गाडी आली की काम थांबायचं. बँडमधला दुसरा कॉर्नेट वाजवणारा पोरगा म्हणजे विशीतला लुई आर्मस्ट्राँग, आणि त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला इतरांपासून लांब उभं करावं लागलं असं बँडची पियानिस्ट लिल हार्डिनने नंतर सांगून ठेवलंय. मूळ जेनेट माझ्याकडे नाही, मिळाली तरी मी तिच्यावर स्टीलची सुई टेकवणार नाही, पण याच काळातल्या दुसऱ्या बँडच्या कर्ण्यावर केलेल्या दोन-तीन साध्या रेकॉर्ड आहेत आणि त्या १०२ वर लावल्या की एक चमत्कार होतो: कर्ण्यातून आत गेलेलं संगीत कर्ण्यातूनच बाहेर येतं. मोठ्या सिस्टिमवर याच बाजू टेलिफोनसारख्या वाटतात, इथे त्यांचं माप बरोबर बसतं.

आता तबकडीबद्दल. लाख म्हणजे किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ, तीच वितळवून, त्यात बारीक वाटलेला दगड, काजळी आणि कापसाचे तंतू असं मिसळून ही काळी लगदी व्हायची आणि गरम साच्यात दाबली जायची. दगडाची पूड मुद्दाम असायची. साउंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमच्या वर, एवढं वजन एका टोकावर पडल्यावर कुणीतरी झिजणारच, तर झिजायची ती सुई झिजावी, तबकडी नाही, असा हिशोब. सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या आकाराचं होतं आणि मग ती नीट बसून चालते. मला हे वाचून खरं वाटलं नव्हतं म्हणून एका बाजूनंतर सुई काढून भिंगाखाली धरली. नवी सुई टोकाला गोल होती. वापरलेलीच्या टोकाला दोन्ही अंगांना चपटे, चकचकीत कापल्यासारखे पैलू पडलेले, छिन्नीसारखे. हीच सुई दुसऱ्या बाजूला लावली तर त्या धारदार कडा खाच सोलत जाणार. त्या दिवसापासून सुईच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. एक बाजू, एक सुई. पाहुणे असोत, गप्पा रंगलेल्या असोत, सुई बदलायचीच. आणि वापरलेल्या सुया वेगळ्या झाकणाच्या डबीत, नव्यात मिसळल्या की ओळखू येत नाहीत.

सुया सॉफ्ट, मीडियम, लाउड अशा मिळतात, बारीक सुई हळू आवाज, जाड सुई मोठा. मी घरात सॉफ्टच वापरते. गाणाऱ्या बाजूंना ती छान, ब्रास जास्त असलेल्या बाजूलाही पुरते, लाउड मला एकदाच लागली ती मोठ्या हॉलमध्ये लोकांना ऐकवताना. बांबूच्या फायबर सुयाही असतात, तबकडीला मऊ, आवाज थोडा गुळमुळीत, पण जोरकस खाच असली की टोक मध्येच मोडतं आणि शेवटचं मिनिट फरफटत जातं. व्हायोलिन आणि हळू वॉल्ट्झ असेल तर फायबर, नाहीतर नको.

तबकड्यांच्या पृष्ठभागातही फरक असतो. इंग्लंडच्या कोलंबियाने १९२० च्या दशकात थरांची तबकडी काढली, आत जाडंभरडं आणि वरचा पातळ थर बारीक मालाचा. त्यावर बँड सुरू व्हायच्या आधीची शांतता ऐकलीत तर फरक लगेच कळेल. उलट काही स्वस्त लेबलांवर माल एवढा भरड की संगीत सुंदर असूनही चाळणीतून ऐकल्यासारखं वाटतं. मिळालं तर थरवालं प्रेसिंग शोधाच.

तक्रारी सांगते आता.

पहिली, खालचे सूर. पोर्टेबलचा कर्णा केवढासा, त्यातून डबल बास यायचा तरी कुठून. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये वेलमन ब्रॉड बास वाजवायचा, तारा फटकारून वाजवणारा, सगळा बँड त्याच्या खांद्यावर उभा असायचा, आणि १०२ वर तो जवळपास गायबच होतो, नुसती ठपठप राहते. एलिंग्टनचं 'मूड इंडिगो', १९३० चं, त्यात त्याने नेहमीचा क्रम उलटा केलाय, म्यूट लावलेला ट्रम्पेट, त्याच्या जवळच उंचावर म्यूट लावलेला ट्रॉम्बोन, आणि क्लॅरिनेट पार खाली. ही तीन वाद्यं १०२ वर इतकी गूढ लागतात की अंगावर काटा येतो, पण खालची जमीन सापडत नाही. म्हणून एलिंग्टन आणि १९३५ नंतरचा स्विंग, म्हणजे मोठ्या बँडचं नाचाचं जॅझ, मी विजेच्या टर्नटेबलवरच ऐकते, १०२ वर नाही. बेनी गुडमनचं 'सिंग, सिंग, सिंग' १९३७ चं, बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू भरून, आठ मिनिटांच्या वर, त्यात जीन क्रुपाचे टॉम-टॉम ढोल नसतील तर मग उरलं काय?

टर्नटेबल घेणार असाल तर त्याचंही दोन शब्दांत सांगून टाकते, कारण इथे लोक हमखास फसतात. त्यावर ७८ चा, म्हणजे या तबकड्यांचा मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, वेग असणं पुरेसं नाही. सुई वेगळी लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या विनाइल रेकॉर्डची, सुई ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), या तबकड्यांची खाच रुंद, तिला ३ मिलच्या आसपास लागते. एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत साठलेली धूळ वाचत बसते आणि मग लोक म्हणतात शेलॅकवर, म्हणजे लाखेच्या तबकडीवर, खरखर फार. दुसरं, आजच्या फोनो प्रीअँपमध्ये (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारं यंत्र) वरच्या-खालच्या सुरांचं प्रमाण जुळवणारी जी आरआयएए नावाची सुधारणा असते ती १९५४ ची, एलपीसाठीची. ती जुन्या ७८ वर वरचे सूर गरजेपेक्षा जास्त दाबते, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ट्रेबल वाढवून बघा, किंवा हे प्रमाण (इक्वलायझेशन) बदलता येईल असा प्रीअँप घ्या. मी हे दोन्ही केल्यावर बिक्स बायडरबेकचं 'सिंगिन द ब्लूज' लावलं, फेब्रुवारी १९२७ चं, फ्रँकी ट्रंबाउरच्या बँडसोबतचं. आधी ट्रंबाउरचा सॅक्सोफोन, खाली एडी लँगची गिटार, आणि मग बिक्सचा कॉर्नेट. तो काही जोर लावत नाही, एकेक सूर घंटेसारखा ठेवत जातो. गिटारचा एकेक ठोका वेगळा ऐकू आला तेव्हा मान्य केलं की काही रेकॉर्डना वीज लागतेच. अठ्ठाविसाव्या वर्षी गेला बिक्स. हाती आलेल्या अशा तबकड्यांवर मी जड साउंडबॉक्स आता टेकवतच नाही.

कारण दुसरी तक्रार, खरं तर दुःख म्हणा, हे आहे की १०२ वर प्रत्येक वेळी थोडी झीज होतेच. सुई कितीही नवी असो. म्हणून माझे दोन ढीग आहेत. ज्या सहज मिळतात, आधीच भरपूर वाजलेल्या आहेत, १९२५ ते १९३५-३६ मधल्या धडधाकट डान्स बँड रेकॉर्ड, त्या १०२ साठी. दुर्मिळ, खाचा अजून चमकणाऱ्या, किंवा युद्धानंतरच्या, त्या फक्त टर्नटेबलच्या तीन-चार ग्रॅमच्या पिकअपवर. आणि विनाइलवर दाबलेल्या ७८ पण असतात, वजनाला हलक्या, बोटाने हळूच वाकवल्या तर लवणाऱ्या, त्यावर स्टीलची सुई लावलीत तर पहिल्याच फेऱ्यात रेकॉर्ड गेली समजा.

तिसरी, वेग. चावीच्या यंत्राचा वेग चावी उतरत आली की पडतो, आणि हा नाचाचा बँड आहे, लय पडली की लगेच कळतं. दहा इंचीच्या दोन बाजू एका चावीत निघतात म्हणे, मी प्रत्येक बाजूला चावी देते. वेग तपासायला तबकडीखाली कागदाची एक पट्टी अर्धी बाहेर ठेवून मिनिटभर फेरे मोजायचे, सुई वरून चालू असताना, नुसतं फिरताना नाही. माझं यंत्र आलं तेव्हा ८२-८३ फेरे भरले. म्हणजे जवळजवळ अख्खा सेमीटोन, पेटीवरची एक पट्टी, वर! पहिला आठवडाभर मी बोलीला चढ्या पट्टीत ऐकत होते आणि मला वाटत होतं काय उत्साही गातोय. तरफ सरकवून ७८ वर आणलं आणि त्याच्या आवाजाला छाती आली. जुन्या रेकॉर्ड तर सगळ्या ७८ च्या नसतातच, कोलंबियाच्या कर्णा-काळातल्या कितीतरी ८० च्या आहेत, लेबलवर लिहिलेलं असतं, वाचा.

आता माझ्याबाबतीत काय बिघडलं ते. ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्याने 'पूर्ण सर्व्हिस केलेला' म्हणून दिला होता. मोटर खरंच झकास होती, तेल-ग्रीस ताजं, जराही घरघर नाही. पण मोठ्या सुरावर, विशेषतः ट्रम्पेट वर गेला की, एक झणझण यायची, सैल काच थरथरते तशी. मी महिनाभर तबकड्यांना दोष देत बसले. शेवटी साउंडबॉक्स उघडला तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना जी रबरी नळीची कडी असते ती दगड झालेली, नखाने मोडली, तुकडेच हातात आले. सर्व्हिस करताना साउंडबॉक्स उघडलाच नव्हता. मऊ नवी नळी मोजून कापून दोन्ही बाजूंनी बसवली, पडदा मधोमध, सुईची दांडी सैलही नको आणि ताणलेलीही नको अशी, यातच दोन संध्याकाळी गेल्या. पण मग जो ट्रम्पेट ऐकू आला! यंत्र बघायला जाल तेव्हा मोटर सगळेच बघतात, तुम्ही ब्रास असलेली रेकॉर्ड सोबत न्या आणि मोठ्या सुरांवर कान ठेवा. साउंडबॉक्सची पाठ जस्ताच्या मिश्रधातूची असते, तीही कधीकधी फुगून तडकते, बारीक रेघा दिसतात का ते बघा.

आणि ती हातची गेलेली रेकॉर्ड. दुसऱ्या एका विक्रेत्याने पार्सलने पाठवली होती, पातळ खोक्यात, आत वर्तमानपत्राची एक घडी. खोकं उचललं तेव्हाच आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. अँब्रोजच्या बँडची होती, वर्षभर शोधत होते मी. चार तुकडे. लेबल अखंड, ते ठेवलंय. पाठवणाऱ्याला आधीच सांगा, तबकडीच्या दोन्ही बाजूंना तिच्याहून मोठे कडक पुठ्ठे, मग सगळीकडून मऊ काहीतरी, आणि मग आत न हलणारं खोकं. लाख काचेसारखी फुटते, हे ज्याने विकायला ठेवलीय त्याला माहीत असेलच असं धरून चालू नका.

साफ करताना स्पिरिट कधीच नको, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, चकचकीत करायला गेलात तर खाचच पुसून बसाल. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, आणि उभी करून वाळवायची. एका मळकट रेकॉर्डचं पाणी अक्षरशः चहासारखं निघालं आणि त्यानंतर त्या बाजूवर मागे बसलेला व्हायोलिनवाला पहिल्यांदा ऐकू आला, तो आहे हेच मला माहीत नव्हतं.

तर घ्यावा का? डान्स बँड आवडत असतील, लंडनचे बँड, रे नोबल, अँब्रोज, लू स्टोन, जॅक हिल्टन, किंवा अमेरिकेतला पॉल व्हाइटमन, आणि गाणी ऐकताना दर तीन मिनिटांनी उठायला तुमची हरकत नसेल, तर डोळे झाकून घ्या, पाचपैकी साडेचार. जॅझसाठी पाचपैकी साडेतीन, छोट्या बँडला उत्तम, मोठ्या आणि नंतरच्या बँडला टर्नटेबलच. काम करता करता मागे काहीतरी चालू हवं असेल तर मात्र नका घेऊ, हे यंत्र तुम्हाला दुसरं काही करूच देत नाही. सुई लावायची, येऊन बसायचं, तीन मिनिटं, उठायचं. मला सुरुवातीला हे उठणं त्रासाचं वाटायचं. आता तासाभरात आठ-दहाच बाजू होतात, त्यातली प्रत्येक डोक्यात राहते, कुठल्या बाजूवर क्लॅरिनेटने काय केलं ते दुसऱ्या दिवशीसुद्धा सांगता येतं.

दादा हल्ली रविवारी स्वतःच येतो. काल लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' काढलं होतं, जून १९२८ चं, नंतरच्या प्रेसिंगची जरा घासलेली तबकडी, म्हणून १०२ वर लावायला जीव घाबरला नाही. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, बँड नाही, ताल नाही, साधारण बारा-तेरा सेकंद तो एकटाच वर चढून खाली येतो. ते संपलं आणि बँड आत आला तसा दादा म्हणाला, "थांब, परत लाव ते पहिल्यापासून." मी म्हटलं बाजू संपू दे, नवी सुई लावून मग.